साक्षीदाराची उलटतपासणी : जुन्या मोटारीतील ऑक्सिजन सेन्सर आणि त्याच्या निदानाचा इतिहास

१.
पंचवीस-तीस वर्षे वयाच्या मोटारीच्या डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये कोड वाचला जातो, ऑक्सिजन सेन्सरचे नाव निघते आणि सेन्सर बदलला जातो. आठवडाभरात तोच दिवा पुन्हा लागतो. मग जुना सेन्सर खोटे बोलत होता, की खरे बोलत होता आणि त्याचे म्हणणे कोणालाच उमगले नाही? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नामागे लॉस एंजेलिसचे धुरके, जर्मनीतील रसायनशास्त्र आणि एक स्वीडिश मोटार असा लांबचा इतिहास आहे. त्या इतिहासाचा हा थ्रेड. 🧵

२.
जुलै १९४३. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. लॉस एंजेलिस शहरावर एके दिवशी दाट, झोंबणारे धुरके उतरले. डोळ्यांतून पाणी वाहू लागले, घसे खवखवू लागले. शत्रूने विषारी वायू सोडला असावा, अशी भीतीही पसरली. नंतर संशय शहरातल्याच एका कारखान्यावर गेला. तेथे कृत्रिम रबरासाठी लागणारे ब्युटाडाइन तयार होत असे. लोकांच्या रेट्यामुळे तो काही काळ बंद ठेवण्यात आला. धुरके मात्र येतच राहिले. जो सर्वांत आधी नजरेस पडला, त्याच्यावर ठपका ठेवून शहर मोकळे झाले होते.

३.
खरे कारण शोधले ते आरी हागेन-स्मिट यांनी. मूळचे नेदरलँड्सचे हे जीवरसायनशास्त्रज्ञ पॅसाडेना येथील कॅल्टेक संस्थेत अननसाच्या स्वादद्रव्यांचा अभ्यास करीत होते. १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी दाखवून दिले की, पेट्रोलमधील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र आली की ओझोन तयार होतो. डोळ्यांना झोंबणारे धुरके याच रासायनिक क्रियांतून निपजत होते. आरोपी शहराच्या रस्त्यारस्त्यावर धावत होता. तो होता मोटारींचा धूर.

४.
विज्ञानाच्या या निष्कर्षाला कायद्याचे बळ मिळायला जवळजवळ दोन दशके लागली. ३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमेरिकेच्या ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’वर स्वाक्षरी केली. मोटारींच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन काही वर्षांतच ९० टक्क्यांनी घटवण्याचे बंधन उद्योगावर आले. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, पण दिशा बदलली नाही. १९७५ च्या मॉडेलांपासून अमेरिकी मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास दिसू लागला. त्यातील प्लॅटिनमला शिसे मारक असल्याने शिसेविरहित पेट्रोलही पंपांवर आले.

५.
येथे एक रासायनिक पेच उभा राहिला. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन निरुपद्रवी करायचे तर त्यांना ऑक्सिजन द्यावा लागतो. नायट्रोजनची ऑक्साइडे निरुपद्रवी करायची तर त्यांच्याकडून ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. देणे आणि घेणे एकाच डब्यात साधायचे तर एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण जवळजवळ अचूक राखावे लागते. हवा जास्त झाली की मिश्रण ‘लीन’, पेट्रोल जास्त झाले की ‘रिच’. साध्या कार्ब्युरेटरच्या हातून इतकी काटेकोर मोजदाद होणे शक्य नव्हते. धुराच्या नळीत बसून क्षणाक्षणाला खबर देणारा कोणीतरी हवा होता.

६.
त्या खबऱ्याचे शास्त्र तोवर जुने झाले होते. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये एक समीकरण मांडले. दोन बाजूंना एखाद्या पदार्थाचे प्रमाण वेगवेगळे असेल, तर त्या फरकातून किती विद्युतदाब निर्माण होतो हे ते समीकरण सांगते. याच नर्न्स्ट यांनी पुढे झिर्कोनियम ऑक्साइडच्या मातीपासून दिवा बनवला. ही माती थंड असताना वीज वाहू देत नाही. तापल्यावर मात्र तिच्यातून ऑक्सिजनचे आयन प्रवास करू लागतात. १९२० च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी असलेल्या या शास्त्रज्ञाच्या दोन्ही कामांचा संगम पुढे मोटारीच्या धुराड्यात झाला.

७.
बॉश कंपनीने तयार केलेला ‘लॅम्डा सेन्सर’ दिसायला स्पार्क प्लगचा भाऊच. आत झिर्कोनियाची टोपणासारखी पोकळ नळी, तिच्या आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर. बाहेरच्या अंगाला इंजिनाचा धूर लागतो, आतल्या पोकळीत मोकळी हवा असते. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल, तर दोन्ही बाजूंतील तफावत मोठी होते आणि सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट दाब निर्माण होतो. धुरात ऑक्सिजन उरला असेल, तर दाब ०.१ व्होल्टच्या आसपास येतो. अचूक प्रमाणाच्या सीमारेषेवर हा आकडा एकदम उडी घेतो. सेन्सरची उपयुक्तता या उडीत आहे.

८.
१९७६ मध्ये व्होल्वो कंपनीने १९७७ च्या मॉडेलची २४० मालिकेतील मोटार कॅलिफोर्नियाच्या बाजारात आणली. तिच्यात हा सेन्सर, तिहेरी काम करणारा कन्व्हर्टर आणि बॉशची इंधन-इंजेक्शन यंत्रणा एकत्र नांदत होती. कंपनीला त्याचा इतका अभिमान की, मोटारीच्या पुढच्या जाळीवर ‘लॅम्डा सोंड’ अशी पट्टी लावलेली असे. स्वीडिश भाषेत सोंड म्हणजे आत खुपसून तपासणी करण्याचे साधन. मराठी वाचकाला आठवणाऱ्या हत्तीच्या सोंडेशी त्याचा संबंध नाही, पण धुराच्या नळीत नाक खुपसून बसलेल्या या उपकरणाला ते नाव शोभते खरे.

९.
आता निदानाकडे वळताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सेन्सर ‘रिच’ म्हणाला की यंत्रणा पेट्रोल कमी करते. ते कमी होताच तो ‘लीन’ म्हणतो आणि यंत्रणा पुन्हा पेट्रोल वाढवते. हे चक्र अखंड चालते. म्हणून निरोगी सेन्सरचा आकडा कधी स्थिर नसतो. ०.४५ व्होल्टची रेषा ओलांडत तो सतत वर-खाली झुलत राहतो. तापलेल्या, चालू इंजिनात एकाच जागी खिळलेला आकडा संशयास्पद मानावा. मात्र तो सेन्सरमुळे खिळला आहे की धूरच तसा आहे, हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही.

१०.
आरंभीच्या काळात या प्रश्नात कोणी फारसे शिरले नाही. त्या व्होल्वो मोटारींत ठरावीक मैल पुरे झाले की ‘लॅम्डा सोंड’ असा दिवा पेटत असे. त्यामागे होता अंतर मोजणारा एक साधा गणक. सेन्सर बिघडला आहे की ठणठणीत आहे, याचा त्या दिव्याला पत्ताच नव्हता. बदलण्याची मुदत भरली, एवढेच तो सांगे. तरीही अनेक मालकांनी त्याला बिघाडाचा पुरावा मानले. एखादे साधन कोणत्या हेतूने निर्माण झाले हे न पाहता त्याचा अर्थ लावला की काय होते, याचे हे नमुनेदार उदाहरण.

११.
१९८१ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेतील आपल्या प्रवासी मोटारींत संगणकीय नियंत्रण आणले. आता दिवा खरोखर काही सांगू लागला. डॅशबोर्डखालच्या जोडणीतील दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली आणि इंजिन सुरू न करता चावी फिरवली की ‘चेक इंजिन’चा दिवा उघडझाप करी. एकदा, थोडी विश्रांती, मग दोनदा : कोड १२, म्हणजे निदानयंत्रणा जागी आहे. १३ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचे विद्युतमंडल खंडित. ४४ म्हणजे धूर लीन. ४५ म्हणजे धूर रिच. कागदाच्या क्लिपनेही वाचता येणारी ही लिपी होती.

१२.
या लिपीचे व्याकरण नीट पाहण्याजोगे आहे. कोड १३ सेन्सर आणि त्याच्या तारांविषयी बोलतो. कोड ४४ आणि ४५ धुराविषयी बोलतात. ती सेन्सरने दिलेली बातमी आहे. परंतु तिन्ही कोडांच्या स्पष्टीकरणात ‘ऑक्सिजन सेन्सर’ हे शब्द येत, आणि गॅरेजमध्ये तिन्हींवर एकच उपाय होई : सेन्सर बदला. वाईट बातमी आणणाऱ्या जासुदालाच शिक्षा देण्याचा हा प्रकार. १९४३ मध्ये लॉस एंजेलिसने त्या कारखान्याशी जे केले, तेच आता मोटारीच्या पोटात घडू लागले.

१३.
हा घोटाळा समजण्यासाठी एक वाक्य पुरेसे आहे : सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. एखादा स्पार्क प्लग पेटला नाही, तर त्या सिलिंडरमधील पेट्रोल जसेच्या तसे बाहेर येते आणि त्याच्यासोबत न वापरलेला ऑक्सिजनही येतो. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो. तो प्रामाणिकपणे ‘लीन’ म्हणतो. संगणक आणखी पेट्रोल ओततो. मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो, खप वाढतो आणि कोड मात्र लीनचा लागतो. साक्ष खरी असते, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. अशा वेळी दुरुस्ती प्लगची करायची असते.

१४.
दुसरा नेहमीचा फसवा प्रसंग म्हणजे सेन्सरच्या आधी धुराच्या नळीला पडलेली चीर. वाटते की चिरेतून धूर फक्त बाहेरच जाईल. पण इंजिनाचा धूर एकसंध वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये नळीतील दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि चिरेतून मोकळी हवा आत ओढली जाते. सेन्सरला पुन्हा ऑक्सिजन दिसतो, पुन्हा ‘लीन’. जुन्या मोटारींत तडकलेला मॅनिफोल्ड आणि जळालेले गॅस्केट हे त्यामुळे सेन्सरच्या आधी तपासायचे भाग ठरले. थंड इंजिन सुरू करताच येणारा टिकटिक आवाज हा त्याचा एक जुना सुगावा.

१५.
‘रिच’ची बातमीही अशीच तपासून घ्यावी लागते. गळणारा इंजेक्टर, फाटलेल्या पडद्याचा इंधनदाब नियंत्रक, पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कोळशाच्या डब्याची अडकलेली झडप, इंजिन ऑइलमध्ये मिसळलेले पेट्रोल : यांपैकी कोणत्याही कारणाने सेन्सर ‘रिच’ म्हणेल आणि ते खरे असेल. इंजिनाचे तापमान सांगणारा सेन्सर ‘इंजिन थंड आहे’ असे चुकीचे कळवत असेल, तरी संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो. म्हणजे खोटे बोलणारा एक आणि पकडला जाणारा दुसराच.

१६.
इतिहासाच्या अभ्यासकाला पुढची पद्धत ओळखीची वाटेल. कागद हाती आला की आधी बहिरंग परीक्षण होते, मग अंतरंग परीक्षण. सेन्सरचे बहिरंग म्हणजे तार, जोडणी, अर्थिंग आणि तापमान. जुन्या एकतारी सेन्सरचे अर्थिंग त्याच्या धातूच्या अंगातून, धुराच्या नळीमार्फत होते. तेथे गंज चढला की आकडा बिघडतो. सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय बोलतच नाही आणि इंजिन बराच वेळ नुसते चालू ठेवले तर पुन्हा थंडावतो. आत हीटर असलेले सेन्सर बॉशने १९८२ मध्ये आणले, ते याच अडचणीवर उपाय म्हणून.

१७.
मोजण्याचे साधनही पारखून घ्यावे लागे. त्या काळी गॅरेजमध्ये काट्याचे मीटर सर्रास असत. या मीटरना चालण्यासाठी मोजल्या जाणाऱ्या मंडलातूनच प्रवाह लागतो. सेन्सरची ताकद इतकी अल्प की, मीटर जोडताच त्याचा दाब खाली बसे आणि चांगला सेन्सर मेलेला ठरे. म्हणून १० मेगाओम अंतर्गत रोध असलेला डिजिटल मीटर वापरण्याची शिस्त आली. सेन्सरच्या सिग्नल तारेवर ओममीटर लावू नये, हीदेखील त्याच शिस्तीतली सूचना. तसे केल्यास मीटर स्वतःचा प्रवाह आत सोडतो आणि सेन्सरला इजा होऊ शकते.

१८.
यानंतर अंतरंग परीक्षण. त्याचे तत्त्व असे : ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे, असा प्रश्न साक्षीदाराला विचारायचा. तापलेल्या, चालू इंजिनाच्या हवेच्या वाटेत जाणकार मेकॅनिक थोडा प्रोपेन वायू सोडे. मिश्रण निश्चितच रिच झाले, तेव्हा आकडा ०.८ व्होल्टच्या वर गेला पाहिजे. मग एखादी व्हॅक्युमची नळी सोडून जादा हवा आत घेई. आता आकडा ०.२ च्या खाली आला पाहिजे, आणि तोही विनाविलंब. दोन्ही उत्तरे चटकन आणि बरोबर आली, तर सेन्सर निर्दोष. दोष अन्यत्र शोधायचा. (ज्वालाग्राही वायूचे हे काम अनुभवी हातांचे आहे. घरी करून पाहण्याचे नव्हे.)

१९.
याच काळातली एक गमतीची नोंद. संगणकनियंत्रित कार्ब्युरेटर असलेल्या जनरल मोटर्सच्या मोटारींसाठी मेकॅनिकांनी जुना ‘ड्वेल मीटर’ पुन्हा बाहेर काढला. हे मूळचे डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट जुळवण्याचे साधन. इंजिनाला सिलिंडर चार असोत की आठ, मीटर सहा सिलिंडरच्या मापावर ठेवायचा. काटा ३० अंशांच्या आसपास झुलत असेल तर यंत्रणा सेन्सरचे ऐकून मिश्रण सावरते आहे. काटा एका टोकाला जाऊन खिळला तर ती सावरून सावरून थकली आहे. कालबाह्य ठरलेल्या हत्याराने नव्या यंत्राची नाडी पाहिली.

२०.
सेन्सर खरोखर मरत नाहीत असे नाही. वयोमानाने त्यांची उत्तरे मंदावतात. उडी योग्य जागी पडते, पण उशिरा. काहींना विषबाधा होते : शिसेयुक्त पेट्रोल, चुकीच्या प्रकारचा सिलिकॉन सीलंट, गळून सिलिंडरमध्ये शिरलेले कूलंट, जळणारे ऑइल. टोकावरची काळी काजळी रिच मिश्रणाकडे बोट दाखवते. पांढरट थर सिलिकॉन किंवा कूलंटचा संशय निर्माण करतो. म्हणजे मेलेला सेन्सरही साक्ष देतो. ती न वाचता नवा बसवला, तर ज्या कारणाने पहिला गेला त्याच कारणाने दुसराही जातो.

२१.
पुढे कायद्यानेच निदानाची जबाबदारी मोटारीवर टाकली. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून स्वयंनिदान यंत्रणा, म्हणजे ओबीडी, आवश्यक केली. १९९६ पासून तिची दुसरी पिढी अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना लागू झाली. जोडणी एकसारखी, कोड एकसारखे. कन्व्हर्टरच्या पुढेही एक सेन्सर बसवला गेला, तो कन्व्हर्टरवर नजर ठेवण्यासाठी. सेन्सरची मंदगती आता स्वतंत्र कोडने कळू लागली : पी०१३३. पण लीन मिश्रणाचा पी०१७१ आजही जुन्या ४४ चाच वंशज आहे. तो धुराची अवस्था सांगतो, तिचे कारण सांगत नाही.

२२.
भारतात हे प्रकरण उशिरा उघडले. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक झाला आणि शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. देशभर ते १ फेब्रुवारी २००० पासून आले. त्यानंतरच्या उत्सर्जन मानकांनी कार्ब्युरेटरला निरोप दिला. इंधन-इंजेक्शनसोबत ऑक्सिजन सेन्सर सामान्य मोटारीत पोहोचला. ओबीडीची सक्ती मात्र भारत स्टेज ४ सोबत, २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. मधल्या दशकातील मोटारींत म्हणजे सेन्सर आहे, पण त्याला समजून घेण्याची प्रमाणित भाषा असेलच असे नाही. तेथे मल्टिमीटर आणि जुनी शिस्त आजही उपयोगी पडते.

२३.
या सगळ्यात पणाला काय लागते? चुकीच्या निदानात पहिला खर्च सेन्सरचा. दुसरा, त्याहून मोठा, कन्व्हर्टरचा. न पेटलेल्या प्लगचे कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि त्यातील जाळी अति तापून वितळू शकते. तिसरा खर्च पावतीवर येत नाही. सेन्सर बदलल्याच्या समाधानात खरा बिघाड तसाच राहतो आणि हागेन-स्मिट यांनी ओळखलेले तेच हायड्रोकार्बन रस्त्यावर पसरत राहतात. ज्यांच्या श्वासात ते जातात, त्यांचा त्या मोटारीशी काहीच संबंध नसतो.

२४.
म्हणून जुन्या मोटारीचा दिवा लागला तर तपासाचा क्रम असा असावा : कोड सेन्सरविषयी आहे की धुराविषयी, हे प्रथम वाचावे. मग नळीची चीर, प्लग, व्हॅक्युमच्या नळ्या, तारा आणि अर्थिंग पाहावे. इंजिन पुरते तापवून योग्य मीटरने आकड्याचा झोका पाहावा. शेवटी माहीत असलेल्या उत्तराचे दोन प्रश्न विचारावेत. इतके झाल्यावरही साक्षीदार गप्प राहिला, अडखळला किंवा चुकला, तर त्याला खुशाल निवृत्त करावे. नवा बसवताना जुन्याच्या टोकावरचा रंग तेवढा पाहून ठेवावा.

(थ्रेड समाप्त)